पाळी आधी, तारीख नंतर: कामाचे वेळापत्रक सॉफ्टवेअरवर मांडायला शिकताना

नोकरीला लागून सहा महिने झाले की एके दिवशी साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, "या कामाचं शेड्यूल आजपासून तू सांभाळायचं." लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकून मिळते, शिकवायला कोणी नसते. मग तो एक्सेलचाच तक्ता आहे असे समजून आपण पहिल्या रकान्यात कामे आणि पुढच्या दोन रकान्यांत सुरू होण्याच्या व संपण्याच्या तारखा भरत जातो. रंगीत पट्ट्या उमटतात, प्रिंट निघते, साहेब खूश होतात. दुसऱ्याच आठवड्यात लोखंड चार दिवस उशिरा येते आणि त्या प्रिंटमधली एकही तारीख खरी राहत नाही.

माझे पहिले वेळापत्रक असेच होते. धुळ्याजवळच्या एका गोदामाचे काम, साठेक ओळी, प्रत्येक तारीख हाताने टाकलेली. पाया आठवडाभर लांबला तेव्हा रात्री बसून मी साठ तारखा पुन्हा भरल्या, त्यात छपराच्या पत्र्यांची ओळ बदलायची राहिली. खांब उभे नसताना पत्र्याची गाडी साइटवर येऊन उभी राहिली. उतरवायला माणसे नाहीत, ठेवायला जागा नाही, आणि ड्रायव्हर भाड्यासाठी अडून बसलेला.

सॉफ्टवेअरला तारखा सांगायच्या नसतात, हे मला तिथे कळले. कोणते काम कशानंतर आणि किती दिवसांचे, एवढे आपण सांगायचे. तारखा त्याने काढायच्या. आपल्या खान्देशात ही समज जुनीच आहे. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतांच्या गटांना पाळीने देण्याच्या रीतीत, शेकडो वर्षे पाणी असेच फिरले: बंधाऱ्यातून पाटात, पाटातून फडात, फडात एका वावरातून दुसऱ्या वावरात. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला पाळी पाठ असते. एका वावराने जास्त वेळ घेतला तर पुढच्याची वेळ सरकते, पण पाळी मोडत नाही. वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर हा असाच एक पाटकरी आहे. त्याला पाळी नीट सांगितली तर तो चोख काम करतो.

पहिली पायरी: लॅपटॉप बंद, वही उघडी

पहिली यादी साइटवर करा. मिस्तरी, सेंट्रिंगवाला, फॅब्रिकेटर, वायरमन, सगळ्यांना दोनच प्रश्न विचारा: "भाऊ, हे काम किती दिवसांचं?" आणि "तुम्ही हात लावायच्या आधी काय झालेलं पाहिजे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त मोलाचे. दिवसांचा अंदाज चुकला तर पुढे दुरुस्त होतो, पण राहून गेलेली पाळी कोणाच्याच लक्षात येत नाही. किती दिवस लागतील हे ऑफिसात बसून ठरवू नका; काम करणाऱ्याच्या तोंडून आलेला आकडाच लिहा. तो फार मोठा वाटला तर का, ते विचारा. बहुतेक वेळा त्याच्याकडे कारण असते.

हाताशी एक उदाहरण ठेवू. सावद्याजवळ केळी पिकवण्याचे चार खोल्यांचे रायपनिंग चेंबर बांधायचे आहे. आकडे समजावण्यापुरते आहेत, आणि सोपे जावे म्हणून सगळे दिवस सलग धरले आहेत.

जागा सपाट करून आखणी: ३ दिवस
खोदाई आणि पायाचे काँक्रीट: १२, आखणीनंतर
पायाला पाणी मारणे: १०, काँक्रीटनंतर
शेडचे फॅब्रिकेशन, कारखान्यात: ३०, पहिल्या दिवसापासून
शेड उभारणी: १२, पायाचे पाणी आणि फॅब्रिकेशन दोन्ही झाल्यावर
फरशीचे काँक्रीट: ६, उभारणीनंतर
फरशीला पाणी मारणे: १०
पफ पॅनेल (थंडावा आत धरणाऱ्या भिंतींचे तयार तक्ते) मागवल्यापासून येईपर्यंत: ३५, पहिल्या दिवसापासून
पॅनेल बसवणे: १०, फरशी तयार आणि पॅनेल आल्यावर
शीतकरण यंत्रणा मागवल्यापासून येईपर्यंत: ४५, पहिल्या दिवसापासून
यंत्रणा बसवणे: ८, पॅनेल बसल्यावर आणि यंत्रणा आल्यावर
वाढीव वीजजोडणी, अर्जापासून मीटरपर्यंत: ७५, पहिल्या दिवसापासून
चाचणी: ४, यंत्रणा बसल्यावर आणि वीज आल्यावर

एवढ्या तेरा ओळींत सॉफ्टवेअरचे सगळे मर्म शिकता येते. खऱ्या कामात ओळी वाढतील. मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा: दोन आठवड्यांपेक्षा मोठे काम दिसले तर ते फोडायचे, एका दिवसापेक्षा लहान असेल तर शेजारच्या ओळीत मिसळायचे. ओळीच्या नावात नेमके काम आणि जागा लिहा. नुसते "काँक्रीट" लिहिले तर महिन्याने तुम्हालाच कळत नाही की कुठले.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर निवडणे

आधी एकच चौकशी करा: समोरच्या पक्षाला फाइल कोणत्या स्वरूपात हवी? मोठ्या सरकारी किंवा कारखान्याच्या निविदेत ते लिहिलेले असते. प्रायमाव्हेरा लिहिले असेल तर निवडीचा प्रश्नच संपला, तेच शिकावे लागेल. १९८३ साली सुरू झालेले आणि २००८ पासून ऑरॅकलकडे असलेले हे सॉफ्टवेअर हजारो ओळींच्या कामांसाठी आहे. महागही आहे आणि नवख्याला जडही जाते. कोणी सांगितलेले नसताना वीस-तीस ओळींच्या शेडसाठी ते घेऊ नका.

एमपीपी फाइल मागितली तर ती मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची. खाजगी कंपन्यांत हेच जास्त दिसते. पैसे भरायचे नसतील तर प्रोजेक्टलिब्रे हे फुकट सॉफ्टवेअर एमपीपी फाइल उघडते. पाहणे आणि शिकणे यासाठी ते पुरेसे आहे. पण फाइल परत पाठवण्याआधी समोरच्याच्या लॅपटॉपवर ती नीट उघडते का ते एकदा बघा. गँटप्रोजेक्ट त्याहून साधे, तेही फुकट, आणि पहिले दोन महिने शिकायला मला तेच योग्य वाटते. झोहो प्रोजेक्ट्ससारखी इंटरनेटवर चालणारी सॉफ्टवेअर चार जण चार गावांतून एकाच तक्त्यावर काम करत असतील तर बरी. मात्र साइट सातपुड्याच्या पायथ्याशी असेल आणि तिथे रेंज टिकत नसेल, तर लॅपटॉपमध्येच चालणारे घ्या. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या: प्रोजेक्ट ऑनलाइन ही त्यांची जुनी इंटरनेट सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होणार असल्याचे त्यांनी जाहीर केले आहे, लॅपटॉपवरचे प्रोजेक्ट वेगळे. तेव्हा जुना व्हिडिओ बघून नवी सुरुवात त्या सेवेवर करू नका.

ट्रेलोसारखे कार्डांचे फलक वेगळ्या कामाचे. कोणाकडे काय बाकी आहे हे तिथे छान दिसते. पण "लोखंड पाच दिवस उशिरा आले तर चाचणी कधी?" याचे उत्तर मूळ ट्रेलो देत नाही. ऑफिसच्या किरकोळ कामांना ते वापरा, बांधकामाच्या वेळापत्रकाला नाही.

दोन-तीन पर्याय समोर असतील तर प्रत्येकात वरच्या तेरा ओळी भरा आणि तासाभरात परीक्षा घ्या. फॅब्रिकेशन ३० चे ३५ करा: पुढची कामे आपोआप सरकली का? क्रिटिकल पाथ, म्हणजे उशीर अजिबात न चालणाऱ्या कामांची साखळी, लाल दिसला का? कामाची मराठी नावे प्रिंटमध्ये नीट उमटली का, की चौकोन आले? सगळे एका ए-थ्री कागदावर मावले का? तुमच्या सुपरवायझरला ती फाइल किंवा तिची पीडीएफ त्याच्या मोबाइलवर उघडता आली का? हे पाच प्रश्न जाहिरातीतल्या सुविधांच्या यादीपेक्षा जास्त सांगतात.

तिसरी पायरी: आधी कॅलेंडर

या पायरीवर मी थांबून बोलणार आहे, कारण पुस्तकात ती दोन ओळींत उरकतात आणि आपल्याकडे वेळापत्रके इथेच मोडतात. सॉफ्टवेअर सोबत आणते ते कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते पाच, असे असते. खान्देशातल्या कोणत्या साइटवर असे काम चालते?

पहिल्यांदा साप्ताहिक सुट्टी. खेड्यातल्या साइटवर मजूर रविवारी कामावर असतो आणि आठवडे बाजाराच्या दिवशी नसतो. हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, त्याच हिशोबाने द्यावा लागतो. साइट कोणत्या गावाच्या बाजारावर चालते ते मुकादमाला विचारा आणि तो वार सुट्टीचा करा. औद्योगिक वसाहतीतही सुट्टी रविवारीच असेल असे धरू नका.

मग सण. छापील सुट्ट्यांची यादी पुरत नाही. आखाजी म्हणजे कॅलेंडरवरची एका दिवसाची अक्षय्य तृतीया नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, घरोघरी पुरणपोळी, झोके, गाणी. "आखाजीले कोन येस कामवर, भाऊ?" असे मला एका मिस्तरीने विचारले होते, तेव्हापासून मी त्या आठवड्यात तीन दिवस कोरे ठेवतो. मजूर धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा-यावलच्या डोंगराळ भागातले पावरा, भिल्ल असतील तर होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. तो आठवडा काम मिळणार नाही, आणि मागूही नये. श्रावणात कानबाई, नंतर पोळा, आणि दिवाळीनंतर माणसे परत यायला लागणारे दिवस. या सगळ्या तारखा मुकादमाबरोबर बसून, पंचांग समोर ठेवून टाका. अर्धा तास लागतो.

उन्हाळ्याचे वेगळे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावर भर दुपारी काम करून घेणे माणसाच्या जिवावर बेतते. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बाहेरच्या कामांना सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात असे वेगळे तास कॅलेंडरमध्ये टाकता येतात. टाकले नाहीत तर भर दुपारीही काम चालू आहे असे धरून सॉफ्टवेअर रोजच्या रोज खोटी आशा दाखवत राहते. पावसाळ्यात खोदाई आणि मातीकामाला काही दिवस जादा धरा.

आता उलटी गोष्ट: काही कामे सुट्टीतही चालूच असतात. काँक्रीट रविवार बघत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस सतत ओले ठेवायचे असते. आपल्या उन्हाळ्यात दहाच धरा. हे दहा दिवस कामाचे म्हणून टाकले तर सॉफ्टवेअर मधल्या सुट्ट्या वगळून ते दहाहून जास्त करते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अवधीच्या रकान्यात १० च्या पुढे इंग्रजी ई-डी ही दोन अक्षरे लिहिली की दिवस सलग मोजले जातात. ज्यात अशी सोय नाही तिथे त्या ओळीला सातही दिवस चालू असलेले वेगळे कॅलेंडर लावा. वीजजोडणीच्या अर्जाला मात्र सरकारी सुट्ट्यांचे कॅलेंडर हवे.

चौथी पायरी: कामे भरा, पाळी जोडा

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरत असाल तर पहिली ओळ लिहिण्याआधी खालच्या पट्टीत बघा. २०१० च्या आवृत्तीपासून नवी कामे आपोआप "मॅन्युअली शेड्यूल्ड" म्हणून येतात, म्हणजे मागचे काम सरकले तरी ती आपल्या जागची हलत नाहीत. ते बदलून "ऑटो शेड्यूल्ड" करा. कितीतरी नवी मुले इथेच अडकतात आणि सॉफ्टवेअर बिघडले असे समजतात.

नंतर फक्त नाव आणि अवधी भरत जा. सुरू होण्याच्या रकान्याला हात लावू नका. तिथे तारीख टाकली की प्रोजेक्ट त्या कामावर "या तारखेआधी सुरू नको" असा खिळा ठोकतो. पुढे मागचे काम लवकर झाले तरी हे काम अलीकडे येत नाही, आणि खिळा कुठे ठोकला होता ते महिन्याने आठवत नाही. खरोखरच बाहेरून ठरलेली तारीख असेल, उदाहरणार्थ क्रेन अमुक दिवशीच मिळणार आहे, तर तिथे खिळा ठोका आणि शेजारच्या टिपेत कारण लिहा.

आता वहीतल्या "आधी काय झालेलं पाहिजे" या उत्तरांप्रमाणे जोडण्या द्या. बहुतेक जोडण्या साध्या असतात: हे संपले की ते सुरू. कधी दोन कामे काही दिवसांच्या अंतराने बरोबर चालतात, जसे पॅनेल एका खोलीत बसले की दुसऱ्या खोलीची वाट न बघता वायरमन आत शिरतो. त्यासाठी "सुरुवातीला सुरुवात" अशी जोडणी आणि दोन-तीन दिवसांचे अंतर देता येते. ही जोडणी मोजकी वापरा. सगळे भरल्यावर प्रत्येक ओळ तपासा: पहिल्या ओळींखेरीज प्रत्येकीच्या आधी काहीतरी असले पाहिजे आणि शेवटच्या ओळीखेरीज प्रत्येकीच्या पुढे काहीतरी असले पाहिजे. ज्या ओळीच्या पुढे काहीच नाही ती कितीही लांबली तरी कोणाला खबर लागत नाही.

प्रायमाव्हेरात एक फरक: नेहमीच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर तारखा आपोआप बदलत नाहीत, एफ९ दाबून हिशोब पुन्हा करावा लागतो.

पाचवी पायरी: लाल रेघ वाचायला शिका

आता आपल्या तेरा ओळींचा हिशोब हातानेच करून बघा. आखणी ३, पाया १२, पाणी १०, म्हणजे पाया पंचविसाव्या दिवशी तयार. फॅब्रिकेशन तिसाव्या दिवशी. उभारणी दोन्हींसाठी थांबते म्हणून तिसाव्या दिवसानंतर सुरू होऊन ४२ ला संपते. फरशी ४८, तिचे पाणी ५८, पॅनेल ६८, यंत्रणा ७६, चाचणी ८०. काम ८० दिवसांचे.

या हिशोबात काय दिसते ते बघा. साइटवर सगळ्यांचे डोळे पायावर असतात, कारण तो समोर दिसतो. पण पायाकडे ५ दिवसांची मोकळीक आहे. उशीर करणारी साखळी फॅब्रिकेशनपासून सुरू होते, आणि ते काम साइटवर कोणाला दिसतच नाही, ते दूर कुठल्यातरी कारखान्यात चालू असते. पॅनेल आणि यंत्रणा यांच्याकडे प्रत्येकी २३ दिवस आहेत, म्हणजे पॅनेल लवकर मागवून मेच्या वावटळीत उघड्यावर ठेवायची गरज नाही. आणि वीजजोडणी? तिच्याकडे फक्त एक दिवस. अर्ज पाच दिवस उशिरा गेला तर वीज ८० व्या दिवशी येईल आणि काम ८४ वर जाईल. मिस्तरी, फॅब्रिकेटर, पॅनेलवाले सगळे वेळेवर असूनही, केवळ एक कागद टेबलावर पडून राहिला म्हणून.

ज्या कामांना अजिबात मोकळीक नाही त्यांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात, सॉफ्टवेअर ती लाल दाखवते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट ही रसायन कंपनी आणि संगणक बनवणारी रेमिंग्टन रँड यांनी कारखान्यांची बांधणी आणि देखभालीसाठी कारखाना बंद ठेवून करायची कामे यांसाठी ही रीत तयार केली. पट्ट्यांचे तक्ते त्याच्याही आधीचे, हेन्री गँट यांच्या नावाने ओळखले जाणारे. पट्टी काम कधी आहे ते सांगते, लाल साखळी कशाला धक्का लागता कामा नये ते सांगते. मालकांशी बोलायला जाताना ही लाल साखळी आणि तिच्या अगदी जवळची, म्हणजे एक-दोन दिवसांचीच मोकळीक असलेली कामे, दोन्ही सोबत न्या.

इथे एक सावधगिरी. एकच क्रेन दोन ठिकाणी किंवा एकच फॅब्रिकेटरची टोळी दोन साइटवर लागत असेल तर जोडण्यांमधून ते दिसत नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअरकडून माणसांची आपोआप वाटणी करून घेण्याच्या फंदात पडू नका, त्यातून आलेल्या तारखा कशा आल्या ते नवख्याला समजावून सांगता येत नाही. ज्या दोन कामांना तीच टोळी लागते, त्यांनाच एकामागून एक जोडून टाका.

सहावी पायरी: बेसलाइन

सगळ्यांनी मान्य केले की त्या दिवशीचे चित्र बेसलाइन म्हणून साठवा. एक बटण आहे. ठरले काय होते आणि झाले काय, हे पुढे फक्त यावरूनच कळते. वेळापत्रक घसरले म्हणून बेसलाइन पुन्हा साठवायची नाही. कामच वाढले, समजा चारऐवजी सहा खोल्या ठरल्या, तरच नवी, आणि तीही लेखी मान्यतेनंतर.

सातवी पायरी: दर आठवड्याला, एकाच वारी

वार ठरवून घ्या. मी हप्त्याचा आदला दिवस धरतो, कारण त्या दिवशी मुकादमाकडे झालेल्या कामाचे माप तयार असते. साइटवर फिरून प्रत्येक चालू कामाची खरी सुरू झालेली तारीख, संपले असेल तर खरी संपलेली तारीख आणि उरलेले दिवस टिपा. "किती टक्के झालं?" असे विचारू नका. टक्के नव्वदवर जाऊन तिथेच दोन आठवडे बसतात. "अजून किती दिवस, दादा?" असे विचारले की माणूस डोळ्यांसमोर उरलेले काम आणतो आणि बऱ्यापैकी खरे सांगतो. आणि त्याने उशीर सांगितला तर त्याच्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला ऐकायला आवडेल तेच कानावर येईल.

आकडे भरताना आजची तारीख स्थितीची तारीख म्हणून टाका. जे काम झालेले नाही ते भूतकाळात राहता कामा नये. उरलेला भाग आजच्या पुढे ढकलला गेला आहे ना, ते डोळ्यांनी तपासा. मग लाल साखळी पुन्हा वाचा. ती बदललेली असू शकते. फॅब्रिकेशन दोन दिवस लवकर आटोपले की आपल्या उदाहरणात वीजजोडणीच सगळ्यांना थांबवणारी ठरते, आणि त्या आठवड्यात तुमची चक्कर साइटऐवजी वीज कंपनीच्या कार्यालयात व्हायला हवी.

साइटवर पूर्ण तक्ता पाठवू नका. पुढच्या दोन आठवड्यांची कामे गाळून मराठीत एक पान काढा, मोठ्या अक्षरात. एक प्रत साइट ऑफिसच्या भिंतीवर, तिचाच फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. मिस्तरीने त्या पानावर पेनाने खाडाखोड केली तर ते पान जपून आणा, पुढच्या अपडेटचा सर्वांत चांगला कच्चा माल तोच आहे.

प्रत्येक आठवड्याची फाइल तारीख घालून वेगळी ठेवा, जुनीवर नवी साठवू नका. मुदतवाढ मागायची वेळ आली की कोणत्या आठवड्यात काय अडले होते हे याच फाइली दाखवतात. काम संपल्यावर प्रत्येक ओळीला प्रत्यक्ष लागलेले दिवस वहीत उतरवा: सावद्याला फरशी ६ धरली होती, ९ लागले, पॅनेल १० धरले होते, ७ मध्ये झाले. शेजारी महिना आणि टोळीत किती माणसे होती तेही लिहा, कारण जानेवारीतले सहा दिवस आणि मेमधले सहा दिवस सारखे नसतात.